सब्जेक्ट अमान्य

"तुमच्या ऑफिसात एक फार चांगला माणूस आहे हो," बायको म्हणाली, आणि काटेकोरांनी चहाचा कप खाली ठेवून चेहरा नम्र केला. स्तुती होताना चेहरा कसा ठेवायचा याचा त्यांना फारसा सराव नव्हता, पण तयारी मात्र कित्येक वर्षांची होती.

"फोनवर असतो तो," बायको पुढे म्हणाली. "काय आवाज, काय बोलणं. आपण चुकलोय असं वाटूच देत नाही माणसाला."

काटेकोरांनी चेहरा पूर्ववत केला आणि कप उचलला.

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते ऑफिसानं ठेवलेलं नाव. ज्या सुरात ते ठेवलं गेलं तो सूर काटेकोरांच्या कानावर कधी नीट आलाच नाही, त्यामुळे ही एक पदवीच आहे अशा समजुतीत ते होते, आणि कुणी हाक मारली की किंचित मान लववून ती स्वीकारत.

ऑफिस होतं सर्टिफिकेट देणारं. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी ते छोटं कुलूप दिसतं ना, त्याच्यामागे एक सर्टिफिकेट असतं: ही वेबसाइट ज्याची म्हणवते त्याचीच आहे, असा दाखला. तो हवा असेल तर गिऱ्हाइकानं आपण कोण ते एका ओळीत लिहायचं. या ओळीला म्हणायचं सब्जेक्ट. आधी स्लॅश, म्हणजे तिरकी रेघ, मग देश, पुन्हा स्लॅश, शहर, स्लॅश, संस्थेचं नाव, स्लॅश, वेबसाइट. ही ओळ वाचून घेणारा प्रोग्रॅम काटेकोरांनी ऐन उमेदीच्या काळात लिहिला होता. पहिला स्लॅश विसरलात, तर संपलं. स्लॅशऐवजी स्वल्पविराम दिलात, संपलं. ओळीच्या शेवटी एखादी मोकळी जागा सुटली, जी देवाच्या डोळ्यालाही दिसली नसती, तरी संपलं. पडद्यावर लाल अक्षरांत दोनच शब्द यायचे: सब्जेक्ट अमान्य. का अमान्य, ते प्रोग्रॅम सांगत नसे. कारण सांगितलं की लोक विचार करायचं सोडून देतात, असं काटेकोरांचं ठाम मत होतं.

आता झालं होतं असं, की बायकोचं तयार कपडे अंगाबेताचे करून देण्याचं दुकान होतं. भाचीनं हौसेनं त्याची वेबसाइट करून दिली आणि कुलूप तेवढं राहिलं. म्हणून बायको आठवडाभर, काटेकोर फिरायला गेले की, ती ओळ लिहायला बसत होती.

"मग मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही समजावून सांगितलं असतं," बायको म्हणाली. "शेवटी फोन केला. त्या माणसानं एका मिनिटात करून दिलं. म्हणाला, तुमचं बरोबरच आहे, आमच्या यंत्रालाच जरा कमी कळतं. आणि म्हणाला, पुढच्या वेळी नुसती वेबसाइट लिहा, बाकी कोरं सोडा, मी भरून घेईन. अहो, ते 'सब्जेक्ट अमान्य' कोणी लिहिलं असेल हो? त्या माणसाशी घरात कोणी दोन शब्द बोलत असेल का?"

"बोलत असेल कोणीतरी," काटेकोर म्हणाले.

तर हा फोनवरचा माणूस म्हणजे मधाळ. हेही ऑफिसानंच ठेवलेलं नाव, फक्त वेगळ्या सुरात. मधाळ बसायचा काटेकोरांच्या पलीकडे, कमरेएवढ्या लाकडी आडोशामागे, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द काटेकोरांना सक्तीनं ऐकावा लागे. त्याचं काम एवढंच: 'सब्जेक्ट अमान्य' वाचून कावलेल्या गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा, दोन-चार मऊ वाक्यं बोलायची आणि गुणगुणत गुणगुणत ती ओळ स्वतः दुरुस्त करून टाकायची. म्हणजे बघा, कष्ट कुणाचे? नियम कुणी केले? काटेकोरांनी. अडवलं कुणी, तेही दिवसरात्र, न थकता? काटेकोरांनी. आणि टेबलावर फुलझाडांच्या कुंड्या कुणाच्या? मधाळच्या. एक गिऱ्हाईक आपल्या कारखान्यातली उशी देऊन गेलं होतं, एका बाईंनी स्वतः विणलेला मफलर पाठवला होता, आणि एका दंतवैद्यानं तर आयुष्यभर दात फुकट तपासून देईन असं लिहून कळवलं होतं. काटेकोरांची एक दाढ तेव्हा ठणकत होती, हे वेगळं सांगायला नको.

इतके दिवस काटेकोर हे सगळं सोसत आले होते. पोटात दुखायचं, पण ते ऑफिसच्या वेळेत. आता मधाळ घरात शिरला होता. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या कपातून, आपल्या बायकोच्या तोंडून. काटेकोर त्या संध्याकाळी जळत होते, दुसरा शब्द नाही. बायको ओटा पुसताना गुणगुणत होती, तेही त्यांना संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर उभे राहिले. मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख.

"प्रोग्रॅम मवाळ करायचा म्हणतो," काटेकोर म्हणाले. "लोकांच्या बारीकसारीक चुका त्यानं पोटात घालाव्यात. फोन करायची कुणाला गरजच पडू नये."

मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी असल्याची खात्री पटल्यावर मॅडमनी परवानगी दिली, पण ऑफिस म्हटलं की परवानगी एकटी येत नाही. पहिला स्लॅश सक्तीचा आहे असं नियमावलीत लिहिलेलं होतं. नियमावली बदलायची तर ती लिहिणाऱ्याची लेखी संमती लागते, हेही तिच्यातच लिहिलेलं होतं. ती लिहिली होती काटेकोरांनी. तेव्हा काटेकोरांनी काटेकोरांना रीतसर अर्ज केला. दुपारी तो अर्ज त्यांच्या टेबलावर आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अर्जावर तारीख नाही. हातातलं सगळं सोडून त्यांनी तो परत पाठवला. परत पाठवलेला अर्ज हाती पडल्यावर त्यांना राग आला, तो वेगळा. हा पत्रव्यवहार बरेच दिवस चालला आणि दोन्ही बाजूंनी भाषा कडक होत गेली.

मधल्या काळात शेजाऱ्यांना सुगावा लागला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहत. जिन्यात भेटले की ते कोणालाही पायरीवर उभं करून निकाल ऐकवत.

"माफ करताय म्हणे," न्यायाधीश म्हणाले. "जरूर करा. पण एक ध्यानात ठेवा. आरोपीची टोपी वाकडी असली तर माफ करावी. पण आरोपी कोण, हेच ठरलं नसेल, तर माफ कोणाला करताय तुम्ही?"

"आमच्याकडे आरोपी नसतात, गिऱ्हाइकं असतात."

"मीही सुरुवातीला असंच समजत असे," न्यायाधीश म्हणाले आणि वर निघून गेले. काटेकोरांनी हा सल्ला मनावर घेतला नाही. फुकट सल्ल्याचं आपल्याकडे तेच होतं.

अखेर काटेकोरांना काटेकोरांची लेखी संमती मिळाली आणि कामाला सुरुवात झाली. पहिला स्लॅश नसला तर प्रोग्रॅमनं आपण होऊन लावावा, हे काटेकोरांनी लिहिलं तेव्हा त्यांचा हात खरोखर जड झाला होता. मग मागच्यापुढच्या मोकळ्या जागा छाटून टाकल्या. स्वल्पविरामाला अभय दिलं. शहर आधी आणि देश नंतर आला तरी चालेल, अशी सवलत दिली. इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि काटेकोरांचं भलं झालं असतं. पण पलीकडे मधाळ होता. तो फोनवर हसला की इकडे काटेकोर आणखी एक गुन्हा माफ करत.

"छे छे, तुम्ही काही लिहूच नका," एका दुपारी मधाळ कुणालातरी म्हणाला. "मी ओळखतो ना तुम्हाला. कोरं सोडा."

काटेकोरांची बोटं थांबली. कोरं सोडा. हेच तो त्यांच्या बायकोला म्हणाला होता. या माणसाला गिऱ्हाइकं तोंडपाठ होती, आणि त्याचंच त्याला एवढं चढलं होतं. ठीक आहे. मग प्रोग्रॅमही ओळखेल. कुणी संस्थेचं नाव कोरं सोडलं तर प्रोग्रॅम त्याच्या लगेच आधी आलेल्या ओळीतून ते उचलेल आणि मुकाट्यानं भरून टाकेल. काटेकोरांनी ते लिहिलं, तपासलं, पुन्हा तपासलं. दर वेळी अचूक नाव भरलं गेलं. आता तपासताना गिऱ्हाईक एकच होतं, ते म्हणजे काटेकोर स्वतः. त्यामुळे आधीची ओळही त्यांचीच असायची, हे एवढं तपासणारा माणूस सोडून कुणाच्याही ध्यानात आलं असतं.

नवा प्रोग्रॅम सुरू झाला त्या सकाळी काटेकोर नवा शर्ट घालून आले. आणि खरोखर पलीकडचा फोन वाजेना. तासभर वाजला नाही, दोन तास वाजला नाही. काटेकोर उगाचच पाणी प्यायला उठले आणि आडोशावरून डोकावले. मधाळ कुंड्यांना पाणी घालत होता. थोड्या वेळानं पुन्हा गेले, तेव्हा मधाळ त्याच कुंड्यांना पुन्हा पाणी घालत होता. एवढं पाणी काटेकोर जन्मात कधी प्यायले नव्हते, आणि इतकं गोड पाणीही.

दुपारी मॅडम बाहेर आल्या. काटेकोरांनी चेहरा नम्र केला.

"फोन बंद पडलाय वाटतं," मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून एक नाही. मेकॅनिकला बोलवा."

मेकॅनिक आला. त्यानं फोन उघडला, तारा ओढल्या आणि आडोशाची एक फळी उगीचच काढली. "फोन चांगला आहे, पण जुना झालाय," असं सांगून त्यानं नवा बसवला. मॅडमनी त्याचे आभार मानले. चहा दिला. काटेकोर हे सगळं पाहत होते. अडवत होते तेव्हा निदान लोक शिव्या तरी देत. आता ओळ लिहिली की निमूट पुढे जात होती, आणि वाटेत कुणीतरी उभा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्या लाल अक्षरांचा त्यांना पहिल्यांदाच हेवा वाटला. त्यांना निदान लोक वाचत.

आणि तेवढ्यात नवा फोन वाजला.

"आला बघा," मेकॅनिक अभिमानानं म्हणाला.

फोन त्या दंतवैद्याचा होता. त्याच्या दवाखान्याच्या कुलपावर आता 'जुने टायर घेणारे व विकणारे' असं नाव येत होतं. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच टायरवाल्याचा आला. त्याच्याकडे 'संगीत नृत्य शिकवणी वर्ग' आले होते. शिकवणीवाल्या बाई रडवेल्या झाल्या होत्या, कारण त्यांच्याकडे काय आलं होतं ते त्या फोनवर सांगायला तयार नव्हत्या. काही लिहायची गरज नाही ही बातमी गिऱ्हाइकांमध्ये पसरायला वेळ लागला नव्हता. मधाळच्या जिभेनं आधीच सवय लावून ठेवली होती. सगळ्यांनी कोरं सोडलं, आणि प्रोग्रॅमनं मोठ्या मनानं प्रत्येकाला आधीच्याचं नाव देऊन टाकलं. जो दाखला माणूस तोच आहे असं सांगण्यासाठी होता, तो छातीठोकपणे सगळ्यांना दुसराच कुणीतरी ठरवत होता.

मॅडमनी आवाज चढवला नाही. त्यांनी सगळे चुकीचे दाखले रद्द करायला सांगितले आणि मग काटेकोरांकडे बोट केलं. "नवे दाखले मधाळ करेल. फोन तुम्ही घ्यायचे. प्रत्येकाशी बोलायचं, माफी मागायची, नाव विचारून घ्यायचं."

"मी?" काटेकोर म्हणाले. "गिऱ्हाइकांशी?"

अशा रीतीनं काटेकोर मधाळच्या खुर्चीवर बसले. खुर्चीत ती भेट आलेली उशी होती, आणि ती फारच सुखाची होती, हे त्यांना मनोमन कबूल करावं लागलं. मधाळ शेजारी स्टूल ओढून बसला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद असता तर काटेकोरांना सोपं गेलं असतं, पण तोही नव्हता.

"सोपं आहे," मधाळ म्हणाला. "आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. मध्ये बोलायचं नाही. मग म्हणायचं, बरोबर आहे तुमचं."

"पण बरोबर नसतं. त्यांनी कोरं सोडलं."

"सोडायला मीच सांगितलं होतं," मधाळ म्हणाला, आणि कीबोर्डकडे वळला. "तुमचं यंत्र माझंच ऐकून फसलं. तुम्ही म्हणा हो. ऐकलं की बरं वाटतं त्यांना."

पहिले दोन फोन काटेकोरांनी नियमावली वाचून दाखवण्यात घालवले, आणि दोन्ही गिऱ्हाइकांनी "ते दुसरे साहेब नाहीत का?" असं विचारलं. तिसऱ्याला त्यांनी दात आवळून 'बरोबर आहे तुमचं' म्हटलं. पलीकडचा माणूस एकदम शांत झाला. काटेकोरांना नवल वाटलं. चौथ्याला त्यांनी ते जरा मोकळेपणानं म्हटलं. पाचवा फोन उचलला आणि त्यांच्या हातातून रिसीव्हर निसटता निसटता राहिला.

"हॅलो," त्यांची बायको म्हणाली.

"नमस्कार," काटेकोर म्हणाले. तो आवाज कुठून आला ते त्यांना कळलं नाही. मऊ, खालच्या पट्टीतला, अर्धा मधाळचा.

"अहो, मी ती कपडे अंगाबेताचे करून देते ना, ती. तुम्हीच ना ते, मागच्या वेळचे?"

फोन ठेवून द्यावा, की मधाळच्या हातात द्यावा? मधाळच्या हातात तर मुळीच नाही. "बोला," काटेकोर म्हणाले.

"भाचीनं ऑर्डरसाठी वेगळं पान केलं, म्हणून दुसरं कुलूप घेतलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कोरं सोडलं. तर आता माझ्या दुकानाच्या जागी 'ढेकूण व झुरळ निर्मूलन' येतंय. सकाळपासून दोघांनी विचारलं, घरी येऊन फवारता का म्हणून. एक बाई तर ब्लाऊज परत न्यायला आल्या."

सगळी उत्तरं काटेकोरांच्या जिभेवर आली. कोरं का सोडलंस, वाचत का नाहीस, मला का विचारलं नाहीस. ती त्यांनी एकेक करून गिळली. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला 'तुमचं' म्हटलं नव्हतं, आणि 'बरोबर आहे' तर त्याहून नाही.

पलीकडे चालू असलेलं मशीन थांबलं.

"तुम्हाला वेळ आहे का?" बायको म्हणाली.

"आहे."

मग ती बोलत राहिली. दुकानाबद्दल बोलली. मशीनचा पट्टा तुटतो त्याबद्दल बोलली. रात्रभर शिवून दिलेला कोट बसला नाही तेव्हा किती वाईट वाटलं, ते सांगितलं. कोटाची गोष्ट काटेकोरांनी घरी ऐकली होती, असं त्यांना वाटत होतं. आता लक्षात आलं की त्यांनी माप कसं घ्यायला हवं होतं एवढंच तिला सांगितलं होतं, पुढचं काही ऐकलंच नव्हतं.

"माझे मिस्टर तुमच्याच ऑफिसात आहेत," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका हं मी फोन केला ते. ते 'सब्जेक्ट अमान्य' त्यांनीच लिहिलंय. मी अंदाजानं ओळखलं. वेगळ्या शब्दांत मी ते घरी रोज ऐकते."

"बरोबर आहे तुमचं," काटेकोर म्हणाले, आणि या वेळी ते मधाळनं शिकवलं म्हणून म्हणाले नाहीत.

त्यांनी तिला दुकानाचं नाव विचारलं, ते स्वतः लिहून घेतलं, आणि नवं कुलूप लागेपर्यंत फोन चालू ठेवला. शेवटी ती म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं कमी असतात." काटेकोरांनी फोन ठेवला. मधाळ शेजारी गुणगुणत दुसऱ्या कुणाची ओळ भरत होता, आणि काटेकोरांना त्याचा पूर्वीपेक्षा जास्त मत्सर वाटला. बायकोनं जी स्तुती केली ती त्यांचीच होती, आणि ती सबंध मधाळच्या नावावर जमा झाली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं चहा दिला. कोटाबद्दल चकार शब्द नाही, झुरळांबद्दल नाही. काटेकोर वाट पाहत राहिले. मग त्यांच्यानं राहवेना.

"आज तो तुझा... म्हणजे तो आमचा माणूस. बोललीस का परत त्याच्याशी?"

"बोलले की. आज तर मागच्यापेक्षाही चांगला बोलला. तुम्ही जरा शिका त्याच्याकडून."

काटेकोरांनी कप बशीत ठेवला. स्वतःचाच हेवा करायची वेळ माणसावर क्वचित येते, आणि आली की कुणाकडे तक्रार करायची तेही कळत नाही. "तो तो नव्हता," ते म्हणाले. "मी होतो."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तुम्ही 'नमस्कार' म्हणालात तेव्हापासून. एवढी वर्षं संसार केला, तुमचा आवाज ओळखणार नाही होय मी?"

"मग बोलत का राहिलीस? फोन ठेवून घरीच नसतं का सांगितलंस?"

बायको ओटा पुसायला उठली होती, ती थांबली. "तुम्ही ऐकत होतात," ती म्हणाली. "मग ठेवावासाच वाटेना."

काटेकोरांपुढे चहा गार होत होता.

"आता पुढच्या वेळी काय करायचं ते तरी सांगा," बायको म्हणाली. "ती तिरकी रेघ द्यायची का?"

"नको. नसली तरी चालेल. आता पुढेमागे झालं, जागा सुटली, सगळं चालेल." ते थांबले. "नाव मात्र आपलंच लिहायचं. तेवढं दुसऱ्याचं चालायचं नाही."

"बरोबर आहे तुमचं," बायको म्हणाली, आणि गार झालेला चहा पुन्हा गरम करायला घेतला.